पेवात उतरायची पाळी

पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला एक वास असतो. आंबूस, पेटीत फार दिवस राहिलेल्या पांघरुणासारखा. जे लहानपणापासून ती भाकरी खातात त्यांना तो कळत नाही, आणि ज्यांना कळतो त्यांचं सासरी पहिलं वर्ष कठीण जातं. माझं गेलं. माझे वडील धाराशिवला कचेरीत कारकून होते. कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. आमच्याकडे ज्वारी आठवडी बाजारातून यायची आणि पत्र्याच्या डब्यात राहायची. अमक्याचं पेव फुटलं, तमक्याचं पेव फुटलं, असं मी बोलण्यात कितीदा तरी म्हटलं असेल, पण पेव डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

हैदराबाद राज्य मोडून आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराला माझं लग्न झालं. सासर परंडा तालुक्यात, सोनारीच्या जत्रेला सकाळी बैलगाडीनं निघावं आणि दुपारी पोचावं एवढ्या अंतरावर. पहिल्याच जेवणात मी घास तोंडात घालून विचारलं, "ह्या भाकरीला कसला वास येतोय?" सासूबाई म्हणाल्या, "आमच्या पेवाचा. आता तुझ्याबी पेवाचा."

मी तोंडाची फटकळ आहे हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं, सासरी ते त्या दिवशी कळलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या तरुणपणीच विधवा झालेल्या, हे त्यांचे एकुलते एक, आणि सगळी शेती त्यांनी एकटीनं सांभाळलेली. गडीमाणसं त्यांच्या पायांचा आवाज ओळखायची. "तुमच्या आईला ठाणेदार करायला हवं होतं," असं मी एकदा ह्यांना म्हणाले, तेव्हा हसू लपवायला हे तांब्याभर पाणी प्याले. पण त्या बाईच्या दराऱ्यापाठीमागे काय आहे ते मला कळायला दोन पावसाळे गेले.

आमचं पेव खळ्याच्या कडेला, पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला खड्डा, पोटात रुंद आणि तोंडाशी अरुंद, घागरीसारखा. त्याला आतून कडबा आणि भुसकट लावायचं, मधे ज्वारी ओतायची, तोंडावर दगड ठेवून वरून माती लिंपायची. मग कीड नाही, उंदीर नाही, चोर नाही. रझाकारांच्या धामधुमीत घरातलं होतं नव्हतं ते गेलं पण पेवातलं राहिलं, आणि त्यावर गावानं दिवस काढले, असं आत्याबाई सांगायच्या. तेव्हा पेवाला नावं ठेवायची सोय नव्हती.

मात्र बंद पेवात ज्वारीला घाम येतो, आणि आत एक वाईट हवा साठते. आमच्याकडे तिला वाफ म्हणत. तिला रंग नाही, धूर नाही. भरलं पेव उघडलं तर वरूनच टोपली भरता येते, उतरावं लागत नाही. भीती असते ती अर्ध्या पेवाची. एकदा काढून पुन्हा झाकलेलं पेव भाद्रपदात घरातली ज्वारी सरली म्हणून उघडायचं, तेव्हा दाणे खाली गेलेले असतात आणि माणसाला आत सोडावं लागतं. हे गावात प्रत्येकाला माहीत होतं. त्यावरचा उपायही प्रत्येकाला माहीत होता. शिंकाळ्यात पणती ठेवायची आणि दोरीनं आत सोडायची. पणती तेवत राहिली तर माणसानं उतरायचं, विझली तर पेव उघडं टाकून घरी जायचं.

सोपं वाटतं ना? पण पेव उघडायचा दिवस हा पूजेचा दिवस. नारळ फोडायचा, दगडाला हळदकुंकू लावायचं, नैवेद्य ठेवायचा, आणि घरातल्या देवापुढचीच पणती पेवात सोडायची. देवाचा दिवा विझणं म्हणजे अपशकुन. घराच्या अन्नाची पूजा चाललेली, पाहुणे जमलेले, आणि दिवा विझला असं कोण म्हणेल? मग वात जाड करायची, तेल वाढवायचं, "वाऱ्यानं गेला असंल" म्हणून पुन्हा लावायचा. जो दिवा माणसाला थांबवायला होता, तो विझू नये म्हणून सगळ्यांची धडपड. वर्षानुवर्षं हेच चालत आलं होतं आणि बहुतेक वेळा काही होत नव्हतं, म्हणून पुढंही चालत राहिलं.

माझ्या सासऱ्यांच्या वेळी झालं. आत्याबाईंनी मला ते एकदाच सांगितलं, शेंगा फोडता फोडता, माझ्याकडं न बघता. पणती विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. अपशकुन वाढायला नको म्हणून कुणीतरी शहाण्यानं ती वर ओढून देवघरात नेऊन ठेवली, आणि सासरे बिनदिव्याचे उतरले. ते बोलेनात म्हणून त्यांचा भाऊ लगोलग आत गेला. तोही बोलेना. तिसरा उतरत होता, त्याला लोकांनी धरून ठेवलं. "दोगं बी शेजारी शेजारी निजल्यावानी पडलं हुते," एवढं म्हणून आत्याबाईंनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या. मी तिथंच बसून राहिले. त्या बाईशी पुन्हा वाकडं बोलायचं नाही असं मी त्या दिवशी ठरवलं, आणि ते बऱ्यापैकी पाळलं.

त्या मरणातून आत्याबाईंनी आपले नियम केले होते आणि ते घरात वेदासारखे चालत. एक, आमच्या पेवात दिवा सोडायचा नाही. त्यांच्या मनानं दिव्यालाच दोषी ठरवलं होतं. खाली जाणारी पणती त्यांना बघवत नसे. दुसरा, दगड काढून एक दिवस पेव उघडं ठेवायचं. तिसरा, जो उतरेल त्याच्या कमरेला दोर बांधायचा. आणि चौथा, घरातला माणूस उतरायचा नाही. दोराचा नियम गावात दुसऱ्या कुणाकडं नव्हता. बैलासारखं बांधून कोण घेणार, म्हणून लोक हसत. चौथ्या नियमाला कुणी हसत नव्हतं, तो सगळ्यांना बरोबरच वाटे.

मग उतरायचा कोण? आमचा सालगडी. वर्षाच्या बोलीवर राहिलेला, पण लहानपणापासून ह्यांच्याबरोबर गुरं राखलेला. दोघं एका वयाचे, एकमेकांच्या खोड्या काढणारे. उंच, लुकडा माणूस, चालताना स्वतःशी गुणगुणायचा. त्याची बायको आमच्याकडेच निंदणी-खुरपणीला यायची. कमी बोलणारी. मी एका दमात शंभर शब्द बोलावेत आणि तिनं "व्हय वैनी" म्हणावं, अशी आमची मैत्री होती. तिला दोन पोरी, धाकटी अंगावर पिणारी.

आत्याबाईंनी मला ते सांगितलं त्याच वर्षी ह्यांनी बार्शीच्या बाजारातून बॅटरी आणली. हातात धरायची, बटण दाबलं की उजेड. गावातली ती पहिली नसेल, पण आमच्या आळीतली पहिली. चार दिवस पोरंटोरं आणि म्हातारे ती बघायला येत होते. आणि ह्यांना ही कल्पना सुचली की आता पेवात बॅटरी सोडायची. वाऱ्यानं विझायची भीती नाही, अपशकुन नाही, आईला पणती बघायला नको, आणि तळापर्यंत लख्ख दिसेल. आत्याबाईंनी बॅटरी हातात घेतली, दोनदा लावली, बंद केली. "हे विझत न्हाय?" त्यांनी विचारलं. "न्हाय गं आई, आत मसाला हाय तवर न्हाय." त्यांचा चेहरा मी कधी इतका मोकळा झालेला पाहिला नव्हता. इतक्या वर्षांचं ओझं कुणीतरी खाली उतरवून ठेवावं तसं झालं. मलाही माझ्या नवऱ्याच्या हुशारीचं कौतुक वाटलं. जी वस्तू कधीच विझत नाही ती काहीच सांगत नाही, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

भाद्रपदात घरातल्या कणगीतली ज्वारी तळाला गेली. पेव उघडायचं ठरलं. आदल्या दिवशी सकाळी दगड काढला. दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि भुरभुर सुरू झाली. दाणे भिजले तर वर्षाचं अन्न कुजणार, म्हणून ह्यांनी आणि गड्यानं पेवाच्या तोंडावर पत्रा टाकला, त्याच्यावर पोती, पोत्यांवर दगड. दुसऱ्या दिवशी उघडीप पडली तेव्हा पत्रा काढला. आत्याबाईंनी विचारलं, "एक दिवस झाला न्हवं?" हे म्हणाले, "झाला की, काल सकाळधरनं उघडंच हाय." खोटं बोलले नाहीत. त्यांच्या मनात पेव उघडंच होतं, पत्रा पावसासाठी होता.

नारळ फुटला, हळदकुंकू झालं. गड्याची बायको टोपल्या घेऊन उभी होती, धाकटी तिच्या पाठीला बांधलेली. ती नवऱ्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या की. लई उग्र वास येतोय." तो हसला. "पेवाला वास येनार न्हाय तर काय अत्तर येनार व्हय? बाजूला हो." मी तिच्याजवळच उभी होते म्हणून मला ऐकू आलं, बाकी कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. ह्यांनी बॅटरी दोरीला बांधून खाली सोडली. आत पिवळ्या दाण्यांचा ढीग सोन्यासारखा दिसला. बॅटरी ऐटीत जळत होती. आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं गड्याच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि तो उतरला.

पहिली टोपली वर आली. दुसरी आली. तिसरीला वेळ लागला. हे वाकून म्हणाले, "अरं, निजलास का काय?" खालून आवाज आला, पण जड, दारू प्यायलेल्या माणसासारखा. "पाय... मालक, पाय उचलना." मग काहीच नाही. ह्यांनी बॅटरी फिरवली. गडी ढिगाला टेकून बसला होता, मान एका खांद्यावर, हातात टोपली तशीच.

ह्यांनी एका क्षणात धोतराचा काचा मारला आणि पेवाच्या तोंडात पाय टाकला. तेवढ्यात आत्याबाईंनी मागून झडप घालून त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला. म्हातारी बाई, पण असा विळखा की धडधाकट माणूस हलेना. "सोड आई." "न्हाय सोडनार." आणि समोर गड्याची बायको. ती ह्यांच्याकडं बघून हात जोडत होती. "उतरा मालक. उतरा की. तेवढं एक उतरा." एका बाजूला आपल्या लेकाला धरून ठेवलेली आई, दुसऱ्या बाजूला नवरा खाली पडलेली बायको. मी कुणाची बाजू घ्यावी? माझाही नवरा होता तो. माझ्यासारख्या बडबडीच्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

"दोर वढा," आत्याबाई ओरडल्या. "उतरायचं न्हाय कुणी. दोर वढा सगळ्यांनी."

तेव्हा सगळ्यांना दोर आठवला. शेजारपाजारचे धावत आले, मी लागले, गड्याची बायको लागली. ओझं वर येत होतं. आणि पेवाच्या तोंडापाशी येऊन अडकलं. दोर कमरेला होता ना. बेशुद्ध माणूस मधोमध दुमडला, हात-पाय-डोकं खाली आणि पाठ वर. त्या अरुंद तोंडातून असा दुमडलेला माणूस निघणार कसा? ओढलं की दगडाला घासायचा, सैल सोडलं की खाली जायचा.

ह्यांनी आईकडं बघितलं. उतरायचं नव्हतं, पण कुणीतरी वाकून आत डोकं घालून त्याच्या काखेत हात देणं भाग होतं. आत्याबाईंचा विळखा अजून सुटलेला नव्हता. मग त्यांनी तो सोडला. "पालथा पड," त्या म्हणाल्या. "दम धर. आत दम घ्यायचा न्हाय. म्या पाठीत थाप मारली की वर यायचं, हात लागू दे न्हायतर न लागू दे." हे पालथे पडले, छातीपर्यंत आत गेले. आत्याबाई त्यांच्या एका पायावर बसल्या. दुसऱ्या पायावर कोण बसलं तर गड्याची बायको. पाठीवर तान्ही पोर रडतेय आणि ती ह्यांचा पाय छातीशी दाबून बसलेली. थाप पडली, हे वर आले, दम घेतला, पुन्हा आत. असं किती वेळा झालं मला सांगता येणार नाही. मग ह्यांचा आवाज आला, "घावला," आणि एक लांब लुकडा हात उजेडात आला.

त्याला लिंबाखाली निजवलं. ओठ जांभळे पडलेले. लोक असे गोळा झाले की वारासुद्धा आत शिरेना, आणि माझी वाचा तेव्हा परत आली. "मागं सरा," मी म्हणाले, "त्याला हवा पाहिजे, तुमची तोंडं नकोत. हितं काय जत्रा भरली?" गावच्या सुनेनं गावच्या थोरांना असं बोलायचं नसतं, पण त्या दिवशी सगळे मुकाट मागं सरले. त्याच्या छातीला, तळपायांना चोळलं, कुशीवर वळवलं. त्यानं एकदा मोठा आवंढा गिळल्यासारखा श्वास घेतला, मग ओकला, मग डोळे न उघडता रडायला लागला. गाडी जुंपून त्याला परंड्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी थोडा उशीर झाला असता तर हात टेकले असते.

गावानं आत्याबाईंना डोक्यावर घेतलं. दोर होता म्हणून माणूस वाचला, असं जो तो बोलायचा, आणि ते खरंच होतं. ज्या दोराला लोक हसायचे तो आता घरोघर निघाला. पण गड्याची बायको आमच्याकडं कामाला यायची बंद झाली. गडी घरी पडून होता, डोकं ठणकायचं, चालताना तोल जायचा. आत्याबाई रोज सकाळी त्याच्यासाठी दूध पाठवायच्या. संध्याकाळी भांडं परत यायचं, घासून लख्ख केलेलं, आणि निरोप काही नाही. आत्याबाई ते भांडं हातात घेऊन उंबऱ्यात उभ्या राहायच्या. एक दिवस त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि मला म्हणाल्या, "चल."

गड्याच्या घरी मालकीण कधी जात नसते. त्याच्या बायकोनं आम्हाला दारात बघितलं, घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. गडी आत निजला होता. आत्याबाईंना माफी मागायची सवय नव्हती. त्यांनी तब्येत विचारली, पोरीला जवळ घेतलं, इकडचं तिकडचं बोलल्या. शेवटी त्यांच्या तोंडून निघालं, "मला दुसरा लेक न्हाय गं. म्हनून धरलं त्याला."

तिनं पोरीला आपल्याकडं घेतलं. मग म्हणाली, "लेकाला धरलंत त्याचा राग न्हाय बाई. धरायलाच पाहिजे हुतं. न्हायतर दोगं बी गेलं असतं." आणि पुढं, अगदी हळू आवाजात, "पर मला बी माझ्या मानसाला धरायचं हुतं. सकाळीच. म्या धरलं तर कोन थांबतंय? तुमचा मानूस उतरत न्हाय, कारन तुमाला भ्या वाटतंय. भ्या तर मला बी वाटतंय की."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. आत्याबाईंनी मान खाली घातली. मी त्यांना कुणापुढं मान खाली घालताना पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची फार कीव आली आणि तिचीही. दोघींचं दुःख एकच होतं, फक्त एकीच्या दुःखाला घरात नियम करायचा हक्क होता. परत येताना आत्याबाई वाटेत दोनदा थांबल्या. दम लागला म्हणाल्या, पण चढ कुठं होता?

गडी महिनाभरानं कामावर आला. तिचंही येणं सुरू झालं. आणि पुढच्या वर्षी पेव उघडायच्या आधी आत्याबाईंनी ओसरीवर सगळ्यांना बसवून नवे नियम सांगितले. दिवा सोडायचा, पण देवापुढचा नाही, चुलीपाशी लावतो तो साधा, म्हणजे विझला तर विझला, देवाचं त्यात काही नाही. दिवा खाली जाताना त्या स्वतः पाठ फिरवून उभ्या राहत, पण सोडायला लावत. पाऊस आला आणि झाकावं लागलं तर दिवस पहिल्यापासून मोजायचा. दोर कमरेला नाही, काखेतून. आणि उतरायची पाळी: एका वर्षी गडी, एका वर्षी घरचा लेक. ह्यांनी आनंदानं मान हलवली. आपल्या जोडीदाराला एकट्याला खाली पाठवायचं त्यांच्या मनाला किती खात होतं, ते मला तेव्हा समजलं.

शेवटचा नियम असा होता की सगळं नीट असलं, दिवा तेवत असला, तरी उतरायच्या आधी गड्याच्या बायकोला विचारायचं. "उतरू देऊ का?" असं आत्याबाईंनी स्वतः विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर पेव बंद. का, कशासाठी, हे तिला विचारायचं नाही. गावातले लोक ह्याच्यावरही हसले. गड्याच्या बायकोची परवानगी घेऊन मालकीण भाकरी खाते म्हणाले. आत्याबाईंनी हसू दिलं.

पहिल्या वर्षी गड्याचीच पाळी आली. तिला विचारलं तेव्हा ती इतकी लाजली की पदर तोंडात धरून नुसती मान हलवली. त्याच्या पुढच्या वर्षी ह्यांची पाळी. गौरी दोन दिवसांवर आलेल्या, घरात दाणा नाही. पेव पुरता दिवस उघडं होतं, आभाळ स्वच्छ, दिवा तळाशी संथ जळत होता. दोर काखेतून बांधून झाला. आत्याबाईंनी पाठ फिरवून उभ्या राहिलेल्या जागेवरूनच विचारलं, "उतरू देऊ का गं?"

ती पेवाच्या तोंडाशी गेली, गुडघ्यावर बसली, बराच वेळ आत बघत राहिली. मग उठली आणि म्हणाली, "आज नगं."

ह्यांचा चेहराच उतरला. "अगं, दिवा बघ की. आनि आज माजी पाळी हाय, तुझा कारभारी कुठं उतरतोय?"

"मग?" ती म्हणाली. "तुमी काय आमचं कुनी न्हाय का?"

आत्याबाई म्हणाल्या, "दगड ठेवा," आणि दगड ठेवला गेला. त्या दिवशी पेवात काही वाईट होतं की नव्हतं ते कळायला मार्ग नव्हता. मला विचारलं असतं तर मी उतरा म्हणाले असते. सण तोंडावर होता, दिवा जळत होता, आणि उघड्या पेवापाशी उभं राहून रिकाम्या कणगीची काळजी करणारी मीच होते. माझ्या माणसाला त्या दिवशी तिनं धरलं. मी तिच्याजवळ गेले, आणि एरवी कमी बोलणारी तीच आपणहून म्हणाली, "चला वैनी." शेजारून पायलीभर ज्वारी उसनी आणली, जात्यावर दोघींनी मिळून दळली, आणि दोन्ही घरच्या भाकरी त्या रात्री मी थापल्या.